रिमोटची भाषा गुपित कशाला?

गोंदियाच्या रेल्वे स्थानकाने कित्येक वर्षे एक गैरसोय सोसली. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा लोहमार्ग येथून जातो. त्याच्या दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर. येथूनच बालाघाट, नैनपूर आणि जबलपूरकडे निघणारा सातपुड्याचा मार्ग मात्र अरुंद मापाचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा होता. एका मार्गावरचा डबा दुसऱ्या मार्गावर चालणे शक्यच नव्हते. त्यामुळे उतारूंनी येथे गाडी बदलायची आणि मालाची पोती एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरायची, असा परिपाठ होता. या कामी हमालांची मेहनत आणि चलाखी उपयोगी पडे यात शंका नाही. पण अडचण मुळात हमालांनी निर्माण केलेली नव्हती. ती रुळांच्या मापात होती. पुढे टप्प्याटप्प्याने या मार्गाचे रुंदीकरण झाले आणि आता जबलपूरपर्यंत एकच माप झाले आहे.

तशीच गैरसोय आज आपल्या घरांच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली आहे. दूरचित्रवाणी संच एका कंपनीचा, सेट-टॉप बॉक्स दुसरीचा, आवाजासाठी घेतलेला ॲम्प्लिफायर आणि त्याचे पाच-सहा स्पीकर तिसरीचे. या सगळ्यांना मिळून आपण होम थिएटर म्हणतो. प्रत्येकाचा रिमोट वेगळा आणि एकाचे दुसऱ्याला कळत नाही. मग बाजारातून युनिव्हर्सल रिमोट आणायचा आणि घरातल्या नववी-दहावीतल्या मुलाने किंवा मुलीने तो तासभर खटपट करून जुळवायचा. तो जुळला की घरात कौतुक होते. कौतुक रास्तच आहे. परंतु युनिव्हर्सल रिमोट हा गोंदिया स्थानकावरचा हमाल आहे. तो पोती इकडून तिकडे नेतो, रुळांचे माप बदलत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक उपकरणाबरोबर त्याच्या रिमोटची संपूर्ण संकेतसूची छापून देणे उत्पादकांवर बंधनकारक असावे; आणि ती सूची वाचता येईल एवढे ज्ञान माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिळावे. हे म्हणणे पटण्यासाठी रिमोट नेमका काय करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

रिमोट बोलतो कसा?

रिमोटच्या तोंडाशी एक लहानसा दिवा असतो. तो लागलेला आपल्याला दिसत नाही, कारण त्यातून निघणारा प्रकाश अवरक्त असतो. विल्यम हर्षेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहून या किरणांचा शोध लावला. रिमोटमधल्या प्रकाशाची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. आपल्या डोळ्याची मजल साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे जात नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याची मात्र जाते. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, दिवा जांभळट पांढरा लुकलुकताना दिसेल. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त किरण अडवणारी काच असते. तेव्हा पुढचा कॅमेरा वापरून पाहावा. रिमोटमधून प्रकाश निघतो की नाही हे ठरवण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे.

पण नुसता प्रकाश पाडून भागत नाही. अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी १९५५ साली प्रकाशझोतावर चालणारा रिमोट तयार केला होता. संचाच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे घटक बसवलेले असत आणि त्यांवर झोत टाकायचा असे. अडचण अशी झाली, की खिडकीतून आलेले ऊनही तेच काम करू लागले! पुढच्याच वर्षी त्याच कंपनीचे रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाश सोडून श्राव्यातीत ध्वनीचा मार्ग धरला. बटण दाबले की आत एक हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि त्या नादाने संच चाले. त्या रिमोटला सेलही लागत नसे.

आजचा रिमोट पुन्हा प्रकाशाकडे वळला आहे, पण एक युक्ती करून. त्याचा दिवा सरळ पेटत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. ऊन असे लुकलुकत नाही, ट्यूबलाइटही या गतीने नेमकी लुकलुकत नाही. संचातल्या ग्राहकात एक गाळक असतो आणि तो ३८,००० च्या आसपासची कंप्रता तेवढी पुढे जाऊ देतो. गर्दीच्या बाजारात आपल्या आईची हाक आपल्याला बरोबर ऐकू येते, तसेच हे. हा ३८,००० चा आकडाही मौजेचा आहे. पुष्कळ रिमोटांत सेकंदाला ४,५५,००० कंपने करणारा एक लहान स्पंदक असतो. त्याला १२ ने भागा. उत्तर येते ३७,९१६. म्हणजे स्वस्तात मिळणाऱ्या घटकावरून आकडा ठरलेला आहे. कंपनीगणिक ही कंप्रता थोडी बदलते. फिलिप्सच्या पद्धतीत ती ३६,००० असते, सोनीच्या पद्धतीत ४०,०००.

आता या लुकलुकण्यातून निरोप कसा जातो ते पाहू. जपानच्या एनईसी कंपनीने रूढ केलेली पद्धत पुष्कळ उपकरणांत आढळते. तीत आधी ९ मिलिसेकंद लांबीचा एक स्पंद आणि ४.५ मिलिसेकंदांची शांतता असते. ‘लक्ष द्या’ असा त्याचा अर्थ. त्यानंतर अगदी लहान लहान स्पंद येतात, प्रत्येक ०.५६ मिलिसेकंदाचा. सगळे स्पंद सारख्याच लांबीचे असतात. फरक असतो तो त्यांमधल्या शांततेत. स्पंद आणि शांतता मिळून १.१२५ मिलिसेकंद झाली तर ‘शून्य’ आणि २.२५ मिलिसेकंद झाली तर ‘एक’. वर्गात टाळ्या वाजवून हे सहज करून दाखवता येईल. दोन टाळ्यांत थोडे थांबलात तर शून्य, दुप्पट थांबलात तर एक.

असे एकूण ३२ अंक जातात. पहिले आठ म्हणजे पत्ता, निरोप कोणत्या उपकरणासाठी आहे ते. पुढचे आठ म्हणजे तोच पत्ता उलटा केलेला : जिथे शून्य तिथे एक आणि जिथे एक तिथे शून्य. नंतर आठ अंकांची आज्ञा आणि शेवटी ती आज्ञाही उलटी. ही उलटापालट कशासाठी? पडताळ्यासाठी. गणितात आपण वजाबाकीचा ताळा बेरजेने पाहतो, तसा संच दोन्ही भाग ताडून पाहतो. जुळले नाहीत तर तो निरोप टाकून देतो. याचा आणखी एक फायदा तुमच्या लक्षात आला असेल. बटण कोणतेही दाबा, ३२ पैकी १६ शून्ये आणि १६ एकच असणार. म्हणून प्रत्येक निरोपाला वेळही सारखाच लागतो : १३.५ अधिक १८ अधिक ३६, म्हणजे ६७.५ मिलिसेकंद. एवढ्या अवधीत तो दिवा सुमारे हजार वेळा लुकलुकलेला असतो.

यात गूढ असे काहीच नाही. शून्य, एक, पत्ता, आज्ञा आणि पडताळा. संगणकाच्या जगातले बहुतेक सगळे निरोप याच धर्तीवर चालतात. दहावीच्या विद्यार्थ्याला हे कळणार नाही असे म्हणणारा शिक्षक मला विरळाच वाटतो.

बाजारातला बहुभाषी दुकानदार

युनिव्हर्सल रिमोट जुळवणे म्हणजे काय, हे गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना समजावून सांगणे फार सोपे आहे. हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमेला टेकलेला. येथे मराठी आहे, झाडीबोली आहे, हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढीही कानावर पडते. देवरीच्या किंवा सालेकशाच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक पाहून भाषा बदलावी लागते. युनिव्हर्सल रिमोट हा असाच दुकानदार आहे. त्याच्या पोटात शेकडो उपकरणांच्या बोली भरलेल्या असतात. समोरच्याशी कोणती बोलायची, एवढे त्याला सांगावे लागते. सांगण्याचे मार्ग तीन.

पहिला मार्ग यादीचा. रिमोटबरोबर आलेल्या पुस्तिकेत कंपन्यांची नावे आणि त्यांपुढे तीन किंवा चार आकडी संख्या असतात. ठरलेले बटण दिवा लागेपर्यंत दाबून धरायचे, मग ती संख्या टिपायची. पुष्कळांचा असा समज असतो, की ही संख्याच संचाकडे जाते. तसे नाही. रिमोटच्या स्मृतीत जे कोष्टक आहे, त्यातला तो केवळ पृष्ठक्रमांक आहे. ‘शब्दकोशाचे अमुक पान उघड’ एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच एका कंपनीच्या पुस्तिकेतली संख्या दुसऱ्या कंपनीच्या रिमोटवर चालत नाही. कधीकधी आवाजाची बटणे चालतात आणि बाकीची चालत नाहीत; तेव्हा समजावे, की पत्ता बरोबर लागला आहे पण आज्ञांचे पान चुकले आहे. त्याच कंपनीपुढची दुसरी संख्या टिपून पाहावी.

दुसरा मार्ग शोधाचा. यात रिमोट एकेका बोलीत ‘बंद हो’ असे म्हणत सुटतो. ज्या क्षणी संच बंद होतो, त्या क्षणी आपण बटण सोडून ती बोली कायम करायची. अनोळखी गिऱ्हाइकाला दुकानदाराने आधी हिंदीत, मग पोवारीत, मग गोंडीत विचारावे आणि ज्या भाषेत उत्तर आले तीच पुढे चालू ठेवावी, तसे. यात घाई उपयोगाची नाही. बोट उशिरा उचलले तर रिमोट पुढच्या बोलीवर जाऊन बसतो.

तिसरा मार्ग शिकवण्याचा. मूळ रिमोट आणि नवा रिमोट थोड्या सेंटिमीटरांच्या अंतरावर समोरासमोर ठेवायचे. नव्याचे एक बटण निवडायचे, मूळ रिमोटचे तेच बटण दाबायचे. नवा रिमोट स्पंद आणि शांतता यांची लांबी मोजून जशीच्या तशी साठवतो. पुष्कळ सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी म्हणून जी तीन-चार बटणे असतात, ती अशीच शिकवायची असतात. सेल ताजे असावेत आणि रिमोटांवर थेट ऊन पडत नसावे.

या तिसऱ्या मार्गात एक मोठी गंमत आहे आणि ती शिक्षकांनी आवर्जून वर्गात सांगावी. शिकणारा रिमोट अर्थ न समजता पाठांतर करतो. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. पण फिलिप्सच्या आरसी-५ या पद्धतीत १४ अंकांपैकी एक अंक असा असतो, की बटण दर वेळी नव्याने दाबले की तो बदलतो : एकदा शून्य, पुढच्या वेळी एक. त्यावरून संचाला कळते, की बटण धरून ठेवले आहे की सोडून पुन्हा दाबले आहे. पाठांतर करणाऱ्या रिमोटने हा अंक एकदाच ऐकलेला असतो. तो दर वेळी तोच म्हणतो. मग ११ क्रमांकाची वाहिनी लावायला ‘१’ दोनदा दाबला, तरी संच तो एकदाच दाबला असे समजू शकतो. मजकूर अचूक पाठ आहे, व्याकरण कळलेले नाही, त्याची ही शिक्षा!

होम थिएटरची खरी अडचण

एकेक उपकरण चालवण्यापुरते हे सगळे ठीक. पण होम थिएटर म्हणजे एका बटणावर सारे सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. चांगल्या युनिव्हर्सल रिमोटमध्ये आज्ञांची मालिका भरता येते : टीव्ही चालू, सेट-टॉप बॉक्स चालू, ॲम्प्लिफायर चालू, मग टीव्हीला योग्य जोडणी निवडायला सांग. मालिका लिहिणे म्हणजे छोटा संगणक-कार्यक्रम लिहिणेच होय. आणि येथेच विद्यार्थ्याची गाठ एका खऱ्या प्रश्नाशी पडते.

बहुतेक रिमोटांवर चालू आणि बंद यांसाठी मिळून एकच बटण असते. त्याचा अर्थ ‘चालू हो’ असा नाही. ‘आहेस त्याच्या उलट हो’ असा आहे. समजा ॲम्प्लिफायर आधीच कोणी चालू ठेवला आहे. मालिका सुरू केली की टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स चालू होतील आणि ॲम्प्लिफायर बंद पडेल. पुन्हा मालिका चालवली तर ॲम्प्लिफायर चालू आणि बाकी दोन बंद. कितीही वेळा दाबा, तिघांचे सूत जमणार नाही. कारण रिमोट बोलतो, ऐकत मात्र नाही. समोरचे उपकरण कोणत्या स्थितीत आहे, हे कळण्याचा त्याला मार्गच नाही.

यावर उपाय आहे. पुष्कळ उपकरणांना ‘फक्त चालू हो’ आणि ‘फक्त बंद हो’ अशा दोन वेगळ्या आज्ञा समजतात. पहिली आज्ञा चालू असलेल्या उपकरणाला दिली तर ते चालूच राहते. पण या आज्ञांची बटणे कंपनीच्या रिमोटवर नसतात, पुस्तिकेत त्यांचा उल्लेख नसतो, आणि जे बटणच नाही ते शिकवणार कसे? तीच गोष्ट टीव्हीच्या जोडण्यांची. अमुक जोडणी थेट निवडण्याची आज्ञा संचाला ठाऊक असते, आपल्याला नसते. म्हणून आपण एकच बटण चार वेळा दाबत बसतो. ज्या उपकरणाचे पूर्ण पैसे आपण मोजले, त्याला समजणारे शब्द आपल्यापासून राखून ठेवलेले असतात. माझी तक्रार आहे ती येथे.

गुपिताचा लाभ कोणाला?

१९८२ साली एशियाडच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली, तेव्हा उठून संचावरचे बटण दाबायची किंवा फिरवायची पद्धत होती. रिमोट ही चैन होती. आज पुष्कळ नव्या संचांवर बटणे जवळजवळ उरलेलीच नाहीत. असले तर एखादे, तेही संचाच्या खालच्या अंगाला. रिमोट हरवला, कुत्र्याने चावला किंवा त्यात पाणी गेले, की चांगला चालणारा संच मुका होतो. शहरात दुसरा रिमोट मिळेल. अर्जुनी-मोरगाव किंवा सालेकसा तालुक्यातल्या आडगावी, जुन्या नमुन्याच्या संचासाठी तो मिळवणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी खेटा घालणे. आणि घरात एकट्या राहणाऱ्या आजीला तीन रिमोटांतला कोणता कशाचा, हे डोळ्यांना नीट दिसत नसेल तर तिच्यासाठी मोठ्या सहा बटणांचा एक सोपा रिमोट कोणीही बनवून देऊ शकेल. अट एवढीच, की संकेत ठाऊक हवेत.

उत्पादकांच्या बाजूने तीन आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला : संकेत उघड केले तर कोणीही कोणाचाही संच बंद करील. पण तसे आजही करता येते. मिच ऑल्टमन यांनी २००४ साली, दिसेल तो टीव्ही बंद करणारे खिशातले यंत्रच बाजारात आणले. त्यात निरनिराळ्या कंपन्यांचे ‘बंद’ संकेत भरलेले होते. बाजारातला प्रत्येक युनिव्हर्सल रिमोट हेच करू शकतो. शिवाय अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. गुपिताने येथे कोणाचेही रक्षण होत नाही.

दुसरा : ही आमच्या संशोधनाची मालमत्ता आहे. चित्राचा दर्जा, स्पीकरचा नाद, आतल्या चकत्यांची रचना ही संशोधनाची मालमत्ता खरी. ‘आवाज वाढव’ याला १६ म्हणायचे की २१, यात कसले संशोधन? उलट भाषा सामायिक केल्याने धंदा बुडत नाही, हे फिलिप्सच्या आरसी-५ नेच दाखवून दिले आहे. त्यात पत्त्यासाठी पाच अंक, म्हणजे ३२ प्रकारची उपकरणे. आणि आज्ञेसाठी सहा अंक, म्हणजे ६४ आज्ञा. टीव्हीचा पत्ता ०, ॲम्प्लिफायरचा १६, सीडी-वादकाचा २०. आवाज वाढवायला १६, कमी करायला १७, गप्प करायला १३. युरोपातल्या इतर अनेक उत्पादकांनी ही पद्धत उचलली. कोणाचेही संच त्यामुळे विकायचे राहिले नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अवरक्त रिमोट आता जुना झाला, नवे संच ब्लूटूथ या रेडिओतरंगांच्या पद्धतीवर चालतात, मग हा खटाटोप कशाला? हे अंशतः खरे आहे. परंतु ब्लूटूथचा रिमोट संचाशी आधी जोडी जमवतो आणि जुन्या धाटणीच्या युनिव्हर्सल रिमोटला तेथे शिरकावच नसतो. म्हणजे गुपित कमी झाले नाही, आणखी घट्ट झाले. शिवाय अवरक्त रिमोटवर चालणारे सेट-टॉप बॉक्स, पंखे, वातानुकूलक आणि ॲम्प्लिफायर आपल्याकडे अजून घरोघर आहेत व पुष्कळ वर्षे राहतील.

गुपित एकाच कंपनीच्या तिजोरीत असले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आहे. लॉजिटेक कंपनीचा हार्मनी हा युनिव्हर्सल रिमोट जगभर नावाजलेला होता. त्याची जुळवणी कंपनीच्या संगणकावर साठवलेल्या संकेतकोशावरून होत असे. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने हे रिमोट बनवणे थांबवल्याचे जाहीर केले. जुन्या ग्राहकांची सेवा चालू ठेवू, असे तिने सांगितले खरे. पण लोकांचा संकेतकोश लोकांच्या हाती नसून एका कंपनीच्या मर्जीवर आहे, ही गोष्ट लपली नाही. याच्या उलट, लिनक्स वापरणाऱ्या हौशी लोकांनी एलआयआरसी या प्रकल्पात आपापल्या रिमोटांचे संकेत मोजून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. जे काम उत्पादकाने एका पानात करायचे, ते या लोकांना बटणागणिक मोजून करावे लागले.

एक माप करणे अशक्य आहे, असेही नाही. एचडीएमआय या तारेतच उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची एक सामायिक सोय आहे. तीमुळे टीव्हीच्या रिमोटने ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवता येतो. मात्र कंपन्यांनी त्या एकाच सोयीला आपापली वेगळी नावे दिली आहेत आणि सर्व आज्ञा सर्वजण मानत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढले आहे. टीव्हीतच उपग्रहाचे संकेत पकडण्याची सोय कशी असावी, हे त्यात सांगितले आहे. म्हणजे विनामूल्य वाहिन्यांसाठी वेगळी पेटी लागू नये. मानकाने दोन पेट्यांची एक करता येत असेल, तर संकेतसूचीच्या एका पानाचा आग्रह धरणे अवघड का असावे? केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही उघडले. दुरुस्तीचा हक्क म्हणजे केवळ पेचकस चालवण्याचा हक्क नव्हे. यंत्राला समजणारे शब्द जाणून घेण्याचा हक्कही त्यात आला पाहिजे.

शाळांनी काय करावे?

शासन आणि उत्पादक जे करतील ते करोत. शाळांनी थांबून राहण्याचे कारण नाही. अवरक्त ग्राहक हा तीन पायांचा घटक इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तेथे आर्डुइनोचा फलक असतोच. ग्राहकाचा एक पाय विद्युतपुरवठ्याला, एक भूमीला आणि तिसरा फलकाच्या एका टोकाला जोडला, की जोडणी संपली. कोणता पाय कशाचा, हे नमुन्यानुसार बदलते, म्हणून दुकानदाराकडून त्याची माहितीपत्रिका मागून घ्यावी. स्पंद मोजण्याचा तयार कार्यक्रम विनामूल्य उपलब्ध आहे. मग जुन्या रिमोटचे एकेक बटण दाबावे आणि पडद्यावर उमटणारा आकडा वहीत लिहावा. मुख्य वीजप्रवाहाला कोठेही हात लागत नाही. हा प्रयोग निर्धोक आहे.

ज्यांच्या शाळेत फलक नाही, त्यांनीही निराश होऊ नये. मोबाइलच्या कॅमेऱ्याने दिवा पाहता येतो. रिमोट आरशाकडे रोखून परावर्तनाने संच चालतो का, ते पाहता येते. पातळ कागद, काळा कपडा, पाण्याचा पेला, रंगीत प्लास्टिक यांतून अवरक्त किरण पार होतात की नाही, याचे कोष्टक करता येते. किती अंतरावर आणि किती कोनात रिमोट चालेनासा होतो, याचा आलेख काढता येतो. सेल जुना झाला की तो आलेख कसा आक्रसतो, हेही पाहावे.

माझी सूचना अशी. एका वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरच्या एका रिमोटचे संकेत मोजून आणले, तर एका सत्रात त्या गावातल्या बहुतेक उपकरणांचा कोश तयार होईल. तो सुवाच्य अक्षरांत लिहून शाळेत ठेवावा आणि त्याची एक प्रत गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला द्यावी. त्याच्या अनुभवाचा तुम्हाला उपयोग होईल, तुमच्या मोजमापाचा त्याला होईल. एखाद्याच्या घरचा संच रिमोटवाचून भंगारात जाणार असेल, तर तो वाचेल. विज्ञान प्रदर्शनात मांडायला यापेक्षा उपयुक्त प्रकल्प सहज सापडणार नाही.

आणि एक काम मात्र आजच करा. घरातला मूळ रिमोट अजून धड असेल, तर शिकणाऱ्या रिमोटला त्याची बटणे आताच शिकवून ठेवा. शिकवणारा हयात असतानाच शिकून घ्यावे, हे रिमोटलाही लागू आहे.